बनाबाईचा नळ

सांगली,
११ जानेवारी २०२६

प्रिय जयराज,
सप्रेम जय भीम.

ज्यांच्या गावात वाचनालय नव्हतं, ज्यांना क्लासच्या पायरीवरून परत फिरावं लागलं आणि ज्यांनी दुसऱ्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्सवर, तीही अर्धीमुर्धी, स्पर्धा परीक्षा दिल्या, त्या सगळ्यांना उद्देशून मी आजवर बोलत आले. आजचं बोलणं त्यांतल्या एकाशीच आहे. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच होती. शिकण्याची वस्तू दुकानात ठेवलेली आहे आणि त्या दुकानात आपल्याला कोणी उभं करत नाही. साताऱ्याच्या अभ्यासिकेत जिन्याखाली बसून आपण ही तक्रार इतक्या वेळा केली की शिपायाला पाठ झाली होती. पुढे तू तसंच एक दुकान काढलंस, क्लासचं आणि ॲपचं. त्याचं मला दुःख नाही, कोणीतरी काढणारच होतं.

तू बरा असशील. राहीबाई काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते चांगलं झालं. मी लोणंदला तुमच्या घरी गेले तेव्हा त्या वॉकर धरून ओट्यापर्यंत आल्या होत्या, मला ओळखलं, आणि "बाळ, वाळलीस की गं" म्हणाल्या. मी इथे विश्रामबागेत राहते. कॉलेजात अजून तासिकेवरच आहे. सुट्टी पडली की पगार बुडतो. व्याख्यानं चालू आहेत. वाईला घाटावर झालं, परवा मिरजेत झालं. लोक येतात, टाळ्या देतात आणि मोबाइल वर धरून सगळं रेकॉर्ड करून नेतात. मी कधी कोणाचा हात खाली करायला लावला नाही.

पत्र का लिहिते, ते सांगते. व्हॉट्सॲपवर तू मला बंद केलंस. तुझ्या ॲपवर लिहिलं तर "आपली तक्रार नोंदवली गेली आहे" असं यंत्राचं उत्तर आलं आणि खाली एक क्रमांक. यंत्राला मी दोनदा सांगितलं की मी ग्राहक नाही, जयराजची मैत्रीण आहे. त्याने मला दोनदा विचारलं की पासवर्ड विसरलात का. म्हणून हे स्पीड पोस्ट. यावर तुझी सही घेऊनच पोस्टमन परत जाईल.

ऑक्टोबरात मी तुझ्याकडे आले होते ती भेट तुझ्या लक्षात असेल. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवला. मी म्हटलं, मी सरांना भेटायला आलेय, वर्गात बसायला नाही. ती म्हणाली, "सरांचं कंटेंट आहे ना मॅडम, भिंतीवरपण असतंय." मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तुझाच फोटो होता.

तू चहा मागवलास. मी माझ्या भावाचं, महेंद्रचं नाव काढलं, तसं तुझं तोंड बदललं.

"वकिलाला भेट," म्हणालास.

"तुझ्या पाया पडायची तयारी आहे त्याची."

"पाया पडून माझं काय भरून येणार? चार वर्षांचा घाम आहे माझा त्यात. यांनी एका रात्रीत टेलिग्रामवर टाकला."

"मेढ्याच्या वरच्या वाड्यांत रेंज नाही, जयराज. पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसतात. तुझं ॲप तिथं गोल गोल फिरत राहतं."

"मग टॉवर मागा सरकारकडं. तू भाषणं करतीस की." आणि मग खुर्ची मागे टेकून तू ते वाक्य बोललास. "फुकट वाटायची एवढी हौस असंल तर स्वतःचं वाटावं माणसानं. दुसऱ्याचं वाटून दानशूर व्हायला काय लागतंय?"

मी काहीच बोलले नाही. वीस हजारांच्या सभेत मला शब्द कमी पडला नाही, आणि तुझ्या त्या थंड खोलीत मी कपाच्या कानाकडे बघत बसले. तुला वाटलं, मी निरुत्तर झाले. जाताना तू काउंटरवर सांगितलंस, "मॅडमचा स्टिकर काढून द्या." मोठ्या मनाने सांगितलंस. मी का गप्प बसले ते पुढे लिहीन. आधी बाकीचं, कारण तुझ्या त्या लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओत तू बाकीचं सांगितलेलं नाहीस.

माझ्या भावाने तुझं ॲप विकत घेतलं होतं. पूर्ण फी भरून, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरवर. चोर दुकानात पावती घेऊन येत नाही. त्याने आपला मोबाइल भाकरीच्या डब्याला टेकवून उभा केला, समोर दुसरा मोबाइल धरला आणि तुझे तास टिपले. तुझ्या ॲपवर घेणाऱ्याचा नंबर पडद्यावर फिरत असतो. वर जातो, कोपऱ्यात जातो, तुझ्या कपाळावरून जातो. महेंद्रने तो झाकला नाही. पुढे पोलिसांनी विचारलं, "का रं, नंबर का झाकला न्हाईस?" तर म्हणाला, "झाकायचं काय त्यात? माझंच हाय की घेतलेलं."

ही चूक फक्त आपल्यासारखी माणसं करू शकतात. आपण पुस्तक घेतलं की ते गल्लीचं व्हायचं. एकाने नोट्स आणल्या की चौघांची झेरॉक्स निघायची. महेंद्रला वाटलं, फी भरली म्हणजे वस्तू आपली झाली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की आता वस्तू कोणाचीच होत नाही. एक मोबाइल, एक नाव, एक वर्ष. वर्ष संपलं की शिकलेलं डोक्यात राहील तेवढंच, बाकी पडदा काळा. मोबाइल पडून फुटला तरी नव्याने विनवण्या. हे विकणं नव्हे, हे भाड्यावर देणं आहे, आणि भाडेकरूने पाहुण्याला आत घेतलं म्हणून तू पोलीस बोलावलेस.

टाकीवर चढणाऱ्या त्या पोरापोरींना त्याने मेमरी कार्डं भरून दिली, उरलेल्यांसाठी टेलिग्रामवर टाकलं. त्याबद्दल एक पैसा घेतला नाही. तुझ्या तक्रारीतही पैशाचा उल्लेख नाही, महेंद्रच्या संयोगिता वकिलांनी मला ती वाचून दाखवली.

आता फ्लेक्सबद्दल. तुझी तक्रार मार्चमध्ये पडली, अज्ञात इसमाविरुद्ध. मे महिन्यात पोलीस भरतीची निवड यादी लागली आणि तीत महेंद्र आला. तुला ठाऊक नव्हतं की तुझा अज्ञात इसम आणि हा मुलगा एकच आहे. पण तुमच्या धंद्यात यादी लागली की त्या रात्रीच फ्लेक्स लागतो. जो पास झाला तो आपला. कोणाचा फोटो कुठून उचलला हे कोणी विचारत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर तुझ्या चेहऱ्याभोवती पासष्ट चेहरे होते आणि तिसऱ्या ओळीत माझा भाऊ. त्याच्या व्हॉट्सॲपवरचा फोटो. फ्लेक्सवाल्याने त्याला कोट चढवला होता, टायही लावला होता. आईने जन्मात त्याला कोटात पाहिलं नव्हतं. ती मेढ्याहून एसटीने आली, नाक्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो कोट कुणाचा रं?" महेंद्र म्हणाला, "सरांचा आसंल." आम्ही तिघं तिथं खूप हसलो. रिक्षावाल्याने आमचा फोटो काढला.

त्याचा चेहरा तू त्याला न विचारता घेतलास, जयराज. जाहिरात केलीस. याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये पोलिसांनी पडद्यावरचा तो नंबर जुळवला. महेंद्रला उचललं त्याच दिवशी संध्याकाळी तुझी पोरं शिडी घेऊन नाक्यावर आली आणि ब्लेडने त्याचा चेहरा कापून नेला. फ्लेक्स उतरवला नाही, बाकीचे चेहरे कामाचे होते. चेहराच तेवढा कापला. खाली कोट राहिला, टाय राहिला, आणि मानेच्या वर भोक. पुढचे दोन महिने एसटी स्टँडकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलं. आमच्या गावची माणसं बाजाराला जायची आणि परत येऊन आईला सांगायची. एकाने तर विचारलं, "मावशी, पोरगं जित्तं हाय न्हवं?"

आणि मग तुझा व्हिडिओ. "माझ्या घामाची चोरी." तू डोळे पुसलेस, ते बरं जमलं. त्यात एक वाक्य आहे, ते तू कागदावर लिहून घेतलं असणार, कारण बोलताना अडखळला नाहीस. "काही लोकांना सगळंच फुकट लागतं. जागापण फुकट, लेक्चरपण फुकट." जागा. किती जपून ठेवलास तो शब्द. नाव घेतलं नाहीस, जात घेतली नाहीस. खाली प्रतिक्रियांत लोकांनी घेतली. माझ्या आईची अब्रू घेतली, माझी घेतली, आमच्या समाजमंदिराच्या फोटोवर काय काय काढलं ते मी या पत्रात लिहिणार नाही. मी एकेक प्रतिक्रिया कंपनीकडे कळवली. प्रत्येकाला एकच उत्तर आलं. आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तुझ्या व्हिडिओवर कोणी तीस सेकंदांचं गाणं लावलं असतं, तर तासाभरात आवाज गेला असता. गाण्याला मालक आहे. माझ्या आईच्या, बनाबाईच्या अब्रूला नाही.

मी भाषण करू लागले, मला कळतंय. पण इंटरनेटला कायदा हवा म्हणून मीच व्यासपीठावरून ओरडत होते. कायदा आला. तो आला तेव्हा पहाटे मेढ्याच्या वरच्या वाडीत आला, आणि घोंगडीखाली झोपलेल्या माणसाला घेऊन गेला.

भरतीच्या पडताळणी अर्जात प्रश्न असतो, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय. महेंद्रला गावातल्या दोघांनी सांगितलं, नाही लिही, मेढ्याहून कोण सांगायला जातंय. त्याने होय लिहिलं. नाव रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा आई चुलीपुढं होती. तिने विचारलं, "न्हाई लिवलं आसतंस तर?"

तो म्हणाला, "तर पोलीस कशाला झालो आसतो, आई."

आता तो लोणंदला एका कंपनीच्या फाटकावर उभा असतो, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. पहाटे ड्युटीआधी फलटणच्या रस्त्यावर पळतो, कारण येणारी भरती ही त्याच्या वयात बसणारी शेवटची आहे. त्याआधी गुन्हा रद्द झाला तर तो उभा राहू शकतो. नाही झाला, तर तोच प्रश्न पुन्हा येईल आणि तो पुन्हा होय लिहील. मी त्याला ओळखते.

म्हणूनच मी तुमच्या घरी गेले. तू साताऱ्यात होतास. सुभेदार मानसिंग काका ओट्यावर बसले होते, पेपर वाचत. त्यांच्यापुढे मी आजही सरळ उभी राहते, त्यांनी आपल्याला अभ्यासिकेत शिस्त लावली होती. मी महेंद्र म्हटलं, लोणंद म्हटलं, पळतो म्हटलं, तसे ते पेपर ठेवून म्हणाले, "पहाटं फलटणच्या रस्त्यानं पळतंय त्ये? उंच पोरगं? त्यो तुझा भाऊ व्हय?"

"व्हय काका."

"आगं, मी रोज बघतोय त्याला. मी घड्याळ लावलंय त्याचं. सोळाशे मीटर पाच-पाचमधी मारतंय, बत्तीस वर्षांचं पोरगं. पाय लय चांगला टाकतंय. खांदे तेवढे ताठ धरतंय, मी थांबवून सांगितलं त्याला. व्हय म्हणून हात जोडले त्यानं." त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्या पलटणीतलं कोणी भेटावं तसा.

मग मी त्यांना सांगितलं की तुमच्या जयराजने ज्याच्यावर केस केली तो हाच. त्यांनी पेपर उचलून त्याची घडी घातली. राहीबाई काकू आतून म्हणाल्या, "पोराला सांगा की तुमी." काका म्हणाले, "पोराच्या धंद्यात मी बोलत न्हाई." मी उठले. फाटकापर्यंत आले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "खांदे सैल सोडायला सांग त्याला."

मी आजवर अनेक निर्दय वाक्यं ऐकली आहेत. हे त्यांतलं एक आहे, आणि ते मायेनं बोललेलं आहे.

आता तुझ्या खोलीत मी का गप्प बसले ते.

आपण जिन्याखाली बसायचो तेव्हा राज्यशास्त्राच्या नोट्सची एकच झेरॉक्स असायची, आणि तीत मधली पानं गायब. पैसे पुरले नाहीत की आपण मधलं सोडून द्यायचो. गायब पानांवर काय असेल ते मी बोलून सांगायचे. माझं बोलणं तिथं सुरू झालं, व्यासपीठावर नाही. तू काकांनी मिलिटरी कँटीनमधून आणलेला मोबाइल रेकॉर्डिंग लावून पायरीवर ठेवायचास. म्हणायचास, "पायल, तू बोल. लोणंदच्या एसटीत ऐकत जातो." मी बोलायचे. दोन हिवाळे मी बोलले.

जूनमध्ये पोलीस ठाण्यात आई आणि मी बाकावर बसलो होतो. महेंद्रला आत घेतलं होतं. टेबलावरच्या हवालदाराने पुरावा बघायचा म्हणून जप्त केलेल्या मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. तुझा आवाज आला. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांतला फरक. तू म्हणत होतास, "आमच्या वरच्या वाडीत एक बनाबाई आहे. सरपंच तिला म्हणतो, बनाबाई, पुढच्या उन्हाळ्यात तुला नळ देतो. हे झालं मार्गदर्शक तत्त्व. कोर्टात जाऊन मागता येत नाही. आता समजा नळ आला, आणि कोणी तो तोडायला आलं, तर बनाबाई कोयता घेऊन दारात उभी राहते. हा झाला मूलभूत हक्क."

हवालदार हसला. पुढे मागे करून पुन्हा लावला. शेजारच्याला म्हणाला, "भारी शिकवतंय की गड्या."

आईने माझी बाही ओढली. "माझं नाव कसं काय घेतंय त्यो? त्याला काय म्हाईत कोयत्याचं?"

मी म्हटलं, "दुसरी कोणीतरी बनाबाई असेल."

"आन् नळ?"

"गप बस आई."

तिला गप बसायचं नव्हतं. तिने हवालदाराला विचारलं, "सायेब, ही बनाबाई मीच हाय. आमचा नळ सरपंचाच्या मेव्हण्यानं उपटला व्हता, तवा मी हुबी ऱ्हायले." हवालदाराला वाटलं, म्हातारी पोराला सोडवायला काहीतरी बोलते. तो म्हणाला, "व्हय व्हय मावशी, तूच." आणि सगळे हसले.

त्या व्हिडिओत माझा विनोद होता, माझा श्वास होता, विनोदाआधी मी जितकी थांबते तितकं तू थांबला होतास. तो एकच तास नव्हता, जयराज. मग मी घरी येऊन सगळे ऐकले. महेंद्रच्या मेमरी कार्डावरूनच ऐकले. पहिल्या महिन्याचे सगळे तास म्हणजे जिन्याखालच्या त्या दोन हिवाळ्यांच्या संध्याकाळी. घाम तुझा असेल. तोंड माझं होतं.

स्वतःचं वाटावं माणसानं, असं तू म्हणालास तेव्हा मी कपाच्या कानाकडे बघत होते. माझ्या भावाने माझंच वाटलं होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं.

संयोगिता वकिलांना मी हे सांगितलं ती माझी चूक झाली. त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "हे प्रतिज्ञापत्रावर लिहा. तक्रारदार मालकच नाही असं दाखवलं की केस जागेवर बसते. तुमच्या आई साक्ष देतील. कोयता, नळ, सरपंच, सगळं गाव साक्ष देईल." मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, का. मी म्हटलं, मी पंधरा वर्षं व्यासपीठावर सांगत आले की ज्ञानाला मालक नसतो. आज मी कोर्टात जाऊन म्हणू की याची मालक मी?

हे महेंद्रला कळलं. तो लोणंदहून सांगलीला आला, गणवेशातच, फाटकावरच्या निळ्या. बसला नाही.

"खरं हाय का त्ये? तुझंच हाय का?"

"आहे."

"मग सांग की कोर्टात. एक वाक्य हाय, आक्का."

"ते वाक्य मी बोलले तर टाकीवरची सगळी पोरं चोर ठरतील, महेंद्र. मालक फक्त बदलेल."

"ठरू दे की. मी आज कोण हाय?"

मी त्याला समजावू लागले. वाचलेलं सगळं काढलं. तो ऐकत उभा राहिला, सभेत लोक ऐकतात तसा. मग म्हणाला, "तू म्हणलीस, वाटा. मी वाटलं. दोन वर्षांमागच्या वाईच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसलो व्हतो, सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. तुला टाळ्या पायजेत, आक्का. मला नोकरी पायजे व्हती." आणि गेला. त्यानंतर त्याने माझाही नंबर बंद केला. तुम्ही दोघांनी मला एकाच बटणाने गप्प केलंत.

तुला वाटेल, मी आता धमकीवर येणार. सही कर, नाहीतर बनाबाईला कोर्टात उभी करते. तुझा वकील हे पत्र वाचेल तेव्हा त्यालाही तेच वाटेल. म्हणून इथे स्पष्ट लिहिते, खाली सही करते, हे पत्र तू कुठेही दाखव. मी दावा करणार नाही. आज नाही, तुझ्यावर राग आला तरी नाही, महेंद्रची भरती हुकली तरी नाही. तो विनोद मी तरी कुठून आणला? आईने कोयता उचलला, मी शब्द उचलले, तू मोबाइल उचललास. यांतल्या कोणाला चोर म्हणायचं हे ठरवायला मी गेले, तर पहिलं नाव माझं घ्यावं लागेल. या विश्वासावर मी माझं आयुष्य लावलं. आता कळतंय की भावाचंही लावलं. मी ते त्याला विचारून लावलं नव्हतं, आणि तरीही मी मागे फिरत नाही. माझ्यात काहीतरी कठोर आहे, जयराज. ते तू जिन्याखाली पाहिलं होतंस, म्हणून तू निर्धास्त आहेस. तुला माहीत होतं की मी कधीच बोलणार नाही. तुझा सगळा धंदा माझ्या तत्त्वावर उभा आहे.

तू सही करायला आला नाहीस तर काय होईल ते सांगते. काहीही होणार नाही. तुझं ॲप चालेल. नवी बॅच बनाबाईवर हसेल. आई मेढ्याच्या बाजारात कोणाच्याही मोबाइलमधून स्वतःचं नाव ऐकेल आणि लोक तिला म्हणतील, व्हय व्हय मावशी, तूच. काका पहाटे घड्याळ लावतील. एक दिवस रस्त्यावर कोणी पळताना दिसणार नाही, तेव्हा ते पेपर वाचायला घेतील. तुझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, कारण जिला बोट आहे ती मी आहे.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. महेंद्रने मागावी असंही मला वाटत नाही. तुझं मन बदलावं म्हणूनही हे लिहिलं नाही. माणसाचं मन बदलायचा धंदा मी पंधरा वर्षं केला, त्यात किती बरकत आहे ते मला कळलेलं आहे. मला फक्त तुझा हात हवा, कागदावर, दोन मिनिटं.

येत्या एकोणीस तारखेला, सोमवारी, कोल्हापूरला हायकोर्टाच्या सर्किट बेंचमध्ये गुन्हा रद्द करण्याचा महेंद्रचा अर्ज बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत आहे. संयोगिता वकील सकाळी दारातच उभ्या असतील, संमतीचं प्रतिज्ञापत्र त्यांच्या हातात तयार असेल. तुझी गुन्हा रद्द करायला हरकत नाही, एवढीच ओळ आहे त्यात. चोर कोण, मालक कोण, काही नाही. महेंद्र तिथे असेल, त्याच्याशी बोलायची गरज नाही. मी येणार नाही, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

सोमवारी कोल्हापूरला ये आणि त्या ओळीखाली सही कर.

कशावरही हक्क न सांगणारी,
पायल